सगळ्यांना कळलंय, हे सगळ्यांना कळायला हवं

२०२४ च्या फेब्रुवारीत हवामानबदलाबद्दलचं एक मोठं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. १२५ देशांतल्या सुमारे एक लाख तीस हजार लोकांना त्यात काही साधे प्रश्न विचारले होते. त्यातला एक असा: तापमानवाढ रोखण्यासाठी घरच्या मासिक उत्पन्नातला एक टक्का द्यायची तुमची तयारी आहे का? ६९ टक्के लोक हो म्हणाले. मग विचारलं, तुमच्या देशातले शंभरातले किती लोक हो म्हणतील? या उत्तरांची सरासरी निघाली ४३.

या दोन आकड्यांमधलं अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. जग शांत व्हायचं असेल, टिकायचं असेल, तर माणसांची जाणीव जागी व्हायला हवी, हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आणि म्हणत आलो आहोत. त्यामागे एक गृहीत असतं. बहुतेक लोक झोपलेले आहेत, थोडे जागे आहेत आणि जाग्यांनी झोपलेल्यांना हलवायचं आहे. सर्वेक्षण मात्र सांगतं की बहुतेक लोक जागेच आहेत. बाकीचे झोपलेत अशा समजुतीनं प्रत्येकजण आपापल्या जागी डोळे मिटून पडलाय, इतकंच.

ही गोष्ट फक्त हवामानापुरती नाही. सौदी अरेबियातल्या रियाधमध्ये काही अर्थशास्त्रज्ञांनी विवाहित पुरुषांना विचारलं, स्त्रियांनी घराबाहेर नोकरी करावी का? खासगीत बहुतेकांचा पाठिंबा होता. पण आपल्या आजूबाजूच्या पुरुषांचा पाठिंबा खऱ्यापेक्षा कमी असेल, असा बहुतेकांचा अंदाज होता. संशोधकांनी त्यातल्या काहींना खरा आकडा सांगून टाकला. काही महिन्यांनी पाहिलं तर या पुरुषांच्या बायकांचं नोकरीसाठी अर्ज करण्याचं, मुलाखतीला जाण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त होतं. कुणी कुणाला उपदेश केला नव्हता, कुणाचं मतपरिवर्तन केलं नव्हतं. जे मत आधीपासून होतं, त्याची लाज तेवढी गेली.

म्हणून ‘सामूहिक जाणीव’ या शब्दांमधला ‘सामूहिक’ हा शब्द आपण फार हलक्यात घेतो असं मला वाटतं. एका गावात हजार लोकांना प्रत्येकी एक गोष्ट ठाऊक असेल, पण ती इतरांना ठाऊक आहे हे कुणालाच ठाऊक नसेल, तर तिथे हजार जाणिवा आहेत, सामूहिक जाणीव नाही. हजार जाणिवांनी काही घडत नाही. ‘लोकांना कळतं पण वळत नाही’ असं म्हणून आपण माणसांच्या आळसाला आणि स्वार्थाला दोष देतो. दोघंही आहेतच. पण वळायचं असतं ते बहुतेकदा बरोबरीनं. एकट्यानं वळणारा माणूस नुकसान सोसतो आणि त्यानं साध्यही फार काही होत नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं. त्याचं न वळणं हा मूर्खपणा नव्हे.

इथे एका समजुतीशी मला वाद घालावा लागेल, आणि तो आदरानं घालायचा आहे, कारण ती बाळगणारी अनेक माणसं खरोखर चांगली आहेत. प्रत्येकानं स्वतःचं मन शांत केलं की जग आपोआप शांत होईल, ही ती समजूत. तिचं थोडं पुढे गेलेलं रूप असं की लोकसंख्येतल्या अमुक टक्के माणसांनी एकत्र ध्यान केलं तर त्या शहरातली हिंसा कमी होते. १९९३ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये हजारो लोकांनी जमून असा प्रयोग केला आणि गुन्हे घटल्याचा दावा केला. स्वतंत्र संशोधकांनी तो मान्य केलेला नाही. ध्यानानं माणसाला बळ मिळतं, राग आवरतो, दुसऱ्याचं ऐकून घ्यायची ताकद वाढते. एवढं पुष्कळ आहे. पण शांत मनाच्या माणसांची बेरीज म्हणजे शांत समाज नव्हे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९३ मध्ये सामूहिक जाणिवेची जी मांडणी केली, तिचा गाभाच हा होता की समाजाच्या सामायिक धारणा एकेका माणसाच्या मनापासून वेगळ्या अस्तित्वात असतात. त्या चालीरीतींत असतात, कायद्यांत असतात, कशाची लाज वाटावी आणि कशाची नाही याच्या अलिखित नियमांत असतात. सज्जन माणसं वाईट व्यवस्थेत राहून रोज वाईट कामं करतात आणि रात्री त्यांना झोपही लागते. तेव्हा बदलायचं आहे ते एका मनाच्या आत नव्हे, मनामनांच्या मधे जे आहे ते.

आणि ते बदलतं कसं, हे पाहायला फार मागे जावं लागत नाही.

पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहरात सेंट निकोलस चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना व्हायची. लोक थोडे असायचे. राजवट नकोशी झालेले लोक देशभर होते, पण गुप्त पोलिसांच्या धाकानं कुणी कुणाशी बोलत नसे. शेजारी काय विचार करतो, हे शेजाऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि सत्ता टिकून होती ती यावरच. १९८९ च्या सप्टेंबरपासून प्रार्थनेनंतर लोक रस्त्यावर येऊ लागले. ९ ऑक्टोबरला सशस्त्र दलं तयार ठेवलेली होती. चार महिन्यांपूर्वी बीजिंगमध्ये निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी सुमारे ७० हजार लोक आले. गोळी झाडली गेली नाही. दोन तरुणांनी शहरातल्या दुसऱ्या एका चर्चच्या मनोऱ्यावर लपून त्या गर्दीचं चित्रीकरण केलं, ती फीत सीमेपलीकडे पोचवली गेली आणि पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. पूर्वेतही ते प्रक्षेपण घरोघरी दिसत होतं. त्या दिवशी कुणाला काही नवीन ‘पटलं’ असेल असं मला वाटत नाही. आपण किती आहोत, हे देशाला दिसलं. पुढच्या महिन्यात, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली.

शांततेच्या आणि पर्यावरणाच्या संदर्भात याहून शिकवणारी गोष्ट माझ्या मते अणुचाचण्यांची आहे. ती जरा सविस्तर सांगायला हवी.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांपैकी बिकिनी इथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट अंदाजापेक्षा अडीचपट मोठा झाला. हिरोशिमावरच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर एक जपानी मासेमारी नौका होती, तिच्यावर २३ माणसं. त्यांच्यावर पांढरी राख पडत राहिली. नौका बंदरात परतली तेव्हा सगळे आजारी होते. सप्टेंबरमध्ये त्यांच्यातला रेडिओ चालवणारा माणूस गेला. दरम्यान बाजारात आलेले ट्युना मासे किरणोत्सारी निघाले आणि टनावारी पुरून टाकावे लागले.

हिरोशिमा आणि नागासाकीला तेव्हा नऊ वर्षं होत आली होती. अमेरिकी ताब्याच्या काळात बॉम्बच्या परिणामांबद्दल लिहिण्या-बोलण्यावर जपानमध्ये बंधनं होती. दुःख होतं, पण ते दोन शहरांचं, एकेका घराचं होतं. मासे मात्र सगळ्या देशाच्या ताटात होते. टोकियोच्या सुगिनामी भागात गृहिणींचा एक वाचनगट होता. त्यांनी मे महिन्यात हायड्रोजन बॉम्बविरोधी सह्यांची मोहीम सुरू केली. घरोघर, दुकानोदुकान. ऑगस्ट १९५५ पर्यंत देशभरातून तीन कोटींहून जास्त सह्या झाल्या. त्या काळच्या जपानच्या लोकसंख्येचा हा तिसरा हिस्सा. सही करणाऱ्या प्रत्येकीला वरच्या ओळींवर शेजारणींची नावं दिसत होती, हे मला यातलं सर्वांत मोठं बळ वाटतं. त्याच महिन्यात हिरोशिमात अणुबॉम्बविरोधी पहिली जागतिक परिषद भरली. १९५६ मध्ये बॉम्बमधून वाचलेल्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. निहोन हिदान्क्यो तिचं नाव. तिला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं.

आता दुसरा धागा अमेरिकेतला. चाचण्यांमधून निघणारं स्ट्रॉन्शियम-९० हे द्रव्य शरीरात कॅल्शियमसारखं वागतं. पावसाबरोबर गवतावर, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत आणि दातांत जातं. हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. सरकार म्हणत होतं, प्रमाण नगण्य आहे. सेंट लुइस शहरातल्या काही शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी १९५८ च्या अखेरीस मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. दात पाठवणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळायचा: ‘मी माझा दात विज्ञानाला दिला.’ पुढच्या बारा वर्षांत सुमारे तीन लाख दात जमले. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये पहिले निष्कर्ष छापून आले. चाचण्या जसजशा वाढत गेल्या, तसतसं दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढत गेलं होतं. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या अनेक शहरांत हजारो स्त्रिया एक दिवस कामं सोडून रस्त्यावर उतरल्या. ५ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली चाचण्या न करण्याच्या करारावर मॉस्कोत सह्या केल्या.

हा करार गृहिणींनी आणि दातांनी घडवला, असं म्हटलं तर ते खोटं होईल. आधीच्या वर्षी क्यूबाच्या पेचप्रसंगात दोन्ही महासत्ता अणुयुद्धाच्या काठावर जाऊन आल्या होत्या, त्या भीतीचा त्यात मोठा वाटा होता. करार अपुराही होता. भूमिगत चाचण्या चालूच राहिल्या. फ्रान्स आणि चीन त्यात आलेच नाहीत आणि वातावरणातली शेवटची चाचणी चीननं १९८० मध्ये केली. पण राज्यकर्त्यांची भीती करार मागते तेव्हा तो स्वीकारायला तयार समाज लागतो, आणि तो समाज या दहा वर्षांत तयार झाला होता. तो घडवणारं साधन काय होतं, ते नीट पाहा. भाषणं नव्हती. एक मोजमाप होतं, आणि ते लोकांनी स्वतःच्या हातांनी केलं होतं. आईनं आपल्या मुलाचा दात पाकिटात घालून पाठवला की आकडा परका राहत नाही. सरकारचा खुलासा ऐकताना ती आता नुसती श्रोता नसते.

याच गोष्टीत एक डागही आहे, आणि तो झाकून ही गोष्ट सांगणं मला अप्रामाणिक वाटतं. त्या स्फोटाची राख सर्वांत जास्त पडली ती मार्शल बेटांवरच्या रोंगेलाप इथल्या माणसांवर. मुलं त्या राखेत खेळली. बेटवासीयांनी १९५४ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांकडे चाचण्या थांबवण्याचा अर्ज केला होता. चाचण्या चालू राहिल्या. रोंगेलापच्या लोकांना १९५७ मध्ये त्याच दूषित बेटावर परत पाठवलं गेलं, आणि १९८५ मध्ये त्यांनी स्वतःच ते सोडलं. जगाची जाणीव जागी होत होती तेव्हा तिच्या यादीत हे लोक जवळजवळ नव्हतेच. म्हणून कुणी ‘आपली सामूहिक जाणीव’ असं म्हटलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, या ‘आपण’मध्ये कोण नाही?

जाणीव जागी झाली, दिसली, मोठी झाली, आणि तरी काहीच थांबलं नाही असंही झालं आहे. १५ फेब्रुवारी २००३ रोजी इराकवर होऊ घातलेल्या हल्ल्याविरुद्ध जगभरातल्या शेकडो शहरांत लोक एकाच दिवशी रस्त्यावर आले. रोम, लंडन, माद्रिद इथे लाखोंच्या संख्येनं. मानवजातीनं एकत्र येऊन युद्धाला नको म्हणण्याचा इतका मोठा दिवस त्याआधी झाला नव्हता. पाच आठवड्यांत युद्ध सुरू झालं. लोक कमी पडले असं कोण म्हणेल? कमी पडली ती जाणिवेला कशाशी तरी बांधणारी दोरी. युद्ध पुकारणाऱ्या सरकारांना थांबवेल असा नियम, अशी संस्था, संसदेत अडेल असा ठराव यांपैकी पुरेसं काहीच त्या गर्दीच्या हाताशी नव्हतं. दुसऱ्या दिवशी लोक घरी गेले आणि कामाला लागले.

याउलट ओझोनचं पाहा. क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंनी ओझोनचा थर विरळ होईल, हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडलं. अमेरिकेत लोकांनी कायद्याआधीच त्या वायूंवर चालणारे फवाऱ्याचे डबे घेणं कमी केलं, मग १९७८ मध्ये बहुतेक फवाऱ्यांवर बंदी आली. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जाहीर झालं आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियलचा करार झाला. इथवरची कथा सगळ्यांना ठाऊक असते. पण तो करार टिकला कशामुळे? १९९० मध्ये गरीब देशांना पर्यायी तंत्रज्ञान परवडावं म्हणून श्रीमंत देशांच्या पैशातून निधी उभारला गेला. ठरावीक वर्षांनी शास्त्रज्ञांचा अहवाल येईल आणि त्यानुसार करार कडक होत जाईल, अशी सोय करारातच होती. जगभर हवेचं मोजमाप चालू राहिलं. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की बंदी असलेला एक वायू कुठेतरी पुन्हा तयार होतोय. पुढच्या वर्षी तो मुख्यतः पूर्व चीनमधून येत असल्याचं दाखवून दिलं गेलं आणि त्यानंतर त्याचं प्रमाण पुन्हा उतरलं. आज जगातले सगळे देश या करारात आहेत. अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल असा अंदाज आहे. म्हणजे हे काम सुरू करणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचा शेवट दिसणार नाही. त्यांच्यामागे त्यांचा उत्साह उरणार नाही, पण मोजण्याची आणि पैशाची व्यवस्था उरेल.

सामूहिक जाणीव ही मुळात चांगलीच असते, असंही मानून चालत नाही. १९९४ मध्ये रवांडात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य गटातली. त्याआधी सुमारे नऊ महिने एक रेडिओ वाहिनी गाणी आणि गप्पांच्या मधून शेजाऱ्यांबद्दल द्वेष पेरत होती. कत्तल सुरू झाल्यावर ती कोण कुठे लपलंय हे सांगत होती. केवळ रेडिओमुळे हे झालं असं नाही. त्यामागे शस्त्रं होती, सैन्य होतं, योजना होती. पण सगळेच यात आहेत, मागे राहिलास तर तूच एकटा, ही भावना पसरवण्याचं काम रेडिओनं केलं. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं २००३ मध्ये त्या वाहिनीच्या संस्थापकांना दोषी ठरवलं. लाइपझिगच्या मनोऱ्यावरून ज्या यंत्रणेनं माणसांना धीर दिला, तीच यंत्रणा इथे माणसांना खुनी बनवत होती. युद्धाचा उगम माणसांच्या मनात होतो, असं युनेस्कोच्या घटनेत १९४५ मध्ये लिहिलं गेलं. ते खरं आहे. पण ती मनं कुणी भरतं, ठरवून भरतं, हेही तितकंच खरं आहे.

या दोन्हींमधला फरक ओळखायचा कसा? माझी कसोटी साधी आहे. ज्या जाणिवेत राहून माणसाला मोठ्यानं ‘मला हे पटत नाही’ म्हणता येतं आणि तरी तो आपल्यातला राहतो, ती जाणीव माणसांना वाढवते. जिथे ते म्हणणाऱ्याला शत्रू ठरवलं जातं, तिथे कितीही उदात्त शब्द असले, शांतीचे असले तरी, सावध व्हायला हवं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो कच्चा नाही. निर्णय घेतात बलाढ्य सरकारं आणि कंपन्या, तेव्हा लोकांच्या जाणिवेच्या गप्पा कशाला? पण मग एक विचारतो. जाणिवेला काही किंमत नसती तर ती बिघडवण्यावर एवढा पैसा का खर्च झाला असता? १९६९ मध्ये एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात लिहिलं होतं की संशय हे आपलं उत्पादन आहे. धूम्रपान चांगलं असतं, हे लोकांना पटवायची त्यांना गरजच नव्हती. यावर अजून एकमत नाही, एवढा समज पसरला की पुरेसं होतं. हवामानबदलाच्या बाबतीत तेल आणि कोळशाच्या उद्योगांमधून हीच रीत पुढे चालली. तिचा नेम माणसाच्या अकलेवर नसतो. बाकीच्यांनाही हे पटलंय, या विश्वासावर असतो. तो विश्वास तुटला की प्रत्येकजण पुन्हा आपापल्या घरात एकटा.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, ज्यांना काळजी वाटते त्यांनी ती बोलून दाखवायची, आणि ती निराश होऊन नव्हे. ‘लोकांना काही पडलेलं नाही’ हे वाक्य कळकळीनं काम करणारी माणसंच सर्वांत जास्त म्हणतात. ते बहुधा चुकीचं असतं आणि नुकसान मात्र नक्की करतं, कारण ऐकणारा मनात म्हणतो, मग मी एकट्यानं काय करणार! मोहिमांच्या पत्रकांत किती लोक बेफिकीर आहेत याचे आकडे असतात. त्याऐवजी किती लोक तयार आहेत, याचे खरे आकडे हवेत. खरे म्हणजे खरेच. फुगवलेला आकडा एकदा उघडा पडला की पुढचे सगळे आकडे मेले.

दुसरी गोष्ट मोजमापाची. नदी, हवा, भूजल, आवाज, कचरा यांचं मोजमाप करणं आज १९५८ पेक्षा कितीतरी सोपं आहे. ज्यांच्या अंगावर परिणाम होतो त्यांनीच नोंदी ठेवल्या, शास्त्रज्ञांनी त्या तपासल्या आणि त्या सगळ्यांपुढे ठेवल्या, तर भांडण मतांचं उरत नाही. हे शाळांतून होऊ शकतं, वस्त्यांतून होऊ शकतं. घोषणेपेक्षा हे संथ असतं, कंटाळवाणंही असतं. मला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही दिसत नाही.

तिसरी गोष्ट बांधून घेण्याची, आणि खरी अडचण इथेच आहे. फ्रान्समध्ये २०१९ च्या ऑक्टोबरपासून चिठ्ठ्या टाकून निवडावं तसे निवडलेले १५० नागरिक हवामानावर नऊ महिने एकत्र बसले. त्यांत सगळ्या थरांतले लोक होते, सुरुवातीला या विषयात गम्य नसलेलेही होते. तज्ज्ञांचं ऐकून, आपसांत भांडून त्यांनी १४९ सूचना केल्या, आणि त्यांतल्या अनेक सरकारच्या धोरणापेक्षा धीट होत्या. सामान्य माणसाला वेळ, माहिती आणि बरोबरीची वागणूक दिली तर तो कुठवर पोचतो, याचा हा पुरावा आहे. त्या सूचना जशाच्या तशा पुढे पाठवण्याचं आश्वासन अध्यक्षांनी दिलं होतं. कायदा झाला तेव्हा बऱ्याच सूचना पातळ झाल्या किंवा गळाल्या. त्या नागरिकांमध्ये जी कडवट भावना उरली, ती मला समजते. लोकांना जागं करून त्यांच्या निर्णयाला वजन न देणं, हे त्यांना जागं न करण्यापेक्षा वाईट आहे. अशी सभा भरवायची तर तिच्या निष्कर्षांवर विधिमंडळानं ठरावीक मुदतीत मतदान करायचं, हे आधी लिहून घ्यायला हवं.

आणि जिथे कायदा अडून बसतो तिथेही काम थांबवायचं कारण नाही, हे अणुचाचण्यांच्या कथेचा पुढचा भाग सांगतो. भूमिगत चाचण्यांसह सर्व चाचण्यांवर बंदी घालणारा करार १९९६ मध्ये तयार झाला. तो अजून लागू झालेला नाही, कारण ज्या देशांची मंजुरी सक्तीची आहे त्यांपैकी अमेरिका, चीन, भारत, पाकिस्तान, उत्तर कोरिया, इराण, इस्रायल आणि इजिप्त यांची ती मिळालेली नाही, आणि रशियानं दिलेली २०२३ मध्ये मागे घेतली. तरीही त्या कराराची देखरेख यंत्रणा उभी आहे. जगभरात तीनशेहून अधिक केंद्रं जमिनीतले हादरे, समुद्रातले आवाज, हवेतल्या मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी आणि किरणोत्सारी कण रात्रंदिवस टिपतात. माहिती सगळ्या सदस्य देशांना मिळते. सुनामीचा इशारा देणाऱ्या केंद्रांनाही ती उपयोगी पडते. या शतकात उघडपणे अणुचाचणी केली ती एकट्या उत्तर कोरियानं, सहा वेळा, आणि प्रत्येक वेळी या केंद्रांनी ती टिपली. चोरून चाचणी केली तर सगळ्यांना कळेल आणि सगळ्यांना कळलंय हेही सगळ्यांना कळेल, ही जाणीव कायद्याविनाही राज्यकर्त्यांचा हात धरून ठेवते. मिथेन गळतीसाठी उपग्रहांच्या आधारे अशी नजर ठेवायला सुरुवात झाली आहे. भूजलाचा उपसा, खोल समुद्रातली मासेमारी, शस्त्रांची विक्री यांच्यावरही तशी सार्वजनिक नजर असायला हवी. तिचा खर्च एखाद्या मोठ्या युद्धनौकेपुढे किरकोळ ठरेल, आणि तो मागण्याचा हक्क त्या ६९ टक्क्यांना नक्कीच आहे.